माती टाकली की चमक का मरते?

जानेवारी लागला की एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या पोरांचे फोन सुरू होतात. कुणी सेलूचं, कुणी गंगाखेडचं, एखादं पार उदगीरचं. तक्रार सगळ्यांची एकच: “मॅडम, ऱ्होडामाइनचं पाणी टॉर्चखाली मस्त चमकत होतं. क्ले टाकली अन् गेलं की सगळं!” (ऱ्होडामाइन हा उजेडात चमकणारा रंग, म्हणजे डाय; क्ले म्हणजे माती.) मग क्ले बदलायचं ठरतं, नवी बाटली मागवतात, ती येईस्तोवर पंधरा दिवस जातात, आणि नवी क्लेही तेच करते. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

प्रयोग काय आहे ते थोडक्यात. मातीच्या नॅनोमीटरभर जाडीच्या पापुद्र्यांवर दोन प्रकारचे डाय बसवायचे. पहिल्यानं, म्हणजे दात्यानं, उजेड धरायचा आणि तो स्वतः न उधळता शेजारच्या ग्राहीकडं, म्हणजे दुसऱ्या डायकडं, सोपवायचा. झाडाच्या पानात हेच चालतं. हरितद्रव्याचे शेकडो रेणू उजेड धरतात आणि एका केंद्राकडं पोचवतात. टँकर आला की गल्लीतली माणसं रांग धरून कळशा हातोहात देतात, तसं. माणसं लांब उभी राहिली तर कळशी पोचत नाही, अन् एकमेकांना खेटून राहिली तर कोपराला कोपर लागून पाणी सांडतं. तुमचं पाणी सांडतंय, दुसरं काही नाही. पानात हरितद्रव्य दाटीनं भरलेलं असूनही सांडत नाही, कारण प्रथिनं एकेका रेणूला आपापल्या जागी धरून ठेवतात. आपल्या प्रयोगात ते काम मातीकडून करून घ्यायचं असतं, आणि माती ते आपण होऊन करत नाही.

बाटली बदलायच्या आधी बीकर खिडकीपाशी धरून नीट बघा. रंगच बदललाय का? नारिंगी-गुलाबी होता तो लालसर, मळकट झाला असेल तर डायचे रेणू एकमेकांवर चढलेत. रंग तोच आहे पण पाणी गढूळ झालंय, तळाशी रंगीत साका बसतोय, तर दोष पाण्यात किंवा मिठात आहे. रंग तोच, पाणी स्वच्छ, तरी चमक कमी, तर एक तर मातीत लोह आहे नाही तर मोजण्यात चूक आहे. आणि बीकर रिकामा केल्यावर भिंतीच गुलाबी राहिल्या असतील, तर डाय मातीवर कमी आणि काचेवर जास्त बसलाय. धन भाराचे डाय काचेला चिकटतात, प्लॅस्टिकच्या क्युव्हेटलाही (नमुना मोजायच्या चौकोनी कुपीला). यावर एकच उपाय: त्याच द्रावणानं भांडं दोनदा विसळून घ्यायचं, मग मोजायचं.

दहातल्या सात पोरांचा रोग पहिलाच असतो, म्हणून त्यावर जरा बसून बोलू.

ऱ्होडामाइन 6जी, मिथिलीन ब्ल्यू, अ‍ॅक्रिफ्लेव्हिन हे सगळे चपटे, धन भाराचे रेणू. मातीचा पापुद्रा ऋण भाराचा. ते त्याकडं झेपावतात आणि जागा मिळेल तिथं बसतात. दाटी झाली की एकावर एक, भाकरीच्या चवडीसारखे रचले जातात. अशा जोडीनं उजेड घेतला तरी तो परत बाहेर टाकायची वाट तिला जवळजवळ बंद असते, सगळं उष्णतेत जातं. शोषणाचा पट्टाही (डाय ज्या तरंगलांबीचा उजेड शोषतो तो भाग) कमी तरंगलांबीकडं सरकतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मिथिलीन ब्ल्यू घ्या. एकटा रेणू 664 नॅनोमीटरला शोषतो, जोडी 610 च्या आसपास, आणि मोठी चवड 570-590 च्या पट्ट्यात. म्हणून निळं पाणी मातीत जांभळं दिसायला लागतं. ऱ्होडामाइन 6जीचं मुख्य शिखर, म्हणजे सगळ्यात जास्त शोषणाची जागा, पाण्यात 527 च्या जवळपास असतं आणि 500 च्या आसपास त्याला एक खांदा असतो. मातीवर एकटा रेणू नीट बसला तर शिखर थोडं लांब तरंगलांबीकडं सरकतं आणि आकार तसाच राहतो. खांदा फुगून शिखराशी बरोबरी करू लागला की समजायचं, चवड झाली. फ्लुओरोमीटर, म्हणजे चमक मोजायचं यंत्र, नसला तरी चालतं. साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठला उजेड किती शोषला ते मोजणारा) हे सांगतो, आणि तो आता बहुतेक कॉलेजांत आहे. मी पोरांना शिखराला आणि खांद्याला किती शोषण आहे त्याचं गुणोत्तर काढायला लावते. बिनमातीच्या पातळ द्रावणाचं गुणोत्तर शेजारी ठेवलं की विषय तिथंच मिटतो.

आता हिशेब. तो कुणी करत नाही, आणि गोची तिथंच आहे.

लॅपोनाइट ही कारखान्यात बनवलेली हेक्टोराइट जातीची क्ले. तिच्या चकत्या सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाच्या आणि जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीच्या. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम टाकली तर घनतेवरून चकत्यांची संहती साधारण दीड मायक्रोमोलर निघते. म्हणजे डाय दीड मायक्रोमोलर घेतला तर सरासरी एका चकतीवर एक रेणू. एकटा रेणू मजेत चमकेल, पण कळशी द्यायला शेजारी कुणी नाही! ग्राही दुसऱ्याच चकतीवर बसलेला. पोरं म्हणतात “चमक आहे पण ऊर्जा जात नाही”, ते याच टोकाला असतात. उलट एका चकतीवर दहा रेणू बसवा. दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ हजाराच्या जरा आत, चौरस नॅनोमीटरमध्ये. म्हणजे एकेका रेणूच्या वाट्याला शंभर, अंतर साधारण 10 नॅनोमीटर. चाळीस बसवले तर अंतर 5 वर येतं.

हे अंतर का मोजायचं? थिओडोर फ्योर्स्टरनं 1948 मध्ये या ऊर्जा-हस्तांतरणाचं गणित मांडलं, आणि त्यात अंतराचा सहावा घात आहे. ज्या अंतरावर निम्मी ऊर्जा जाते ते दुप्पट केलं तर जेमतेम दीड टक्का पोचते. निम्मं केलं तर साडेअठ्ठ्याण्णव टक्के. मधे फारशी पायरी नाही. बहुतेक डाय-जोड्यांचं हे निम्म्याचं अंतर काही नॅनोमीटरचं असतं, त्यामुळं आपल्याला पाचाच्या आसपास राहावं लागतं. पण चाळीस रेणू म्हणजे मातीच्या धनायन-विनिमय क्षमतेच्या (माती एकूण किती धन भार धरू शकते त्याच्या) सात-आठ टक्के झाले, आणि ऱ्होडामाइन तर त्याच्या पुष्कळ आधी, टक्क्याच्या आसपासच, एकमेकांवर चढायला लागतो. या दोन टोकांच्या मधली जी चिंचोळी वाट, तीच तुमचा प्रोजेक्ट. “क्ले चांगली नाही” म्हणून ती रुंद होत नाही.

वाट रुंद करायची असेल तर डाय बदला. टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठात शिन्सुके ताकागी यांच्या गटानं चार धन भारांचे पॉर्फिरिन (हरितद्रव्याच्या कुळातले डाय) वापरले. रेणूतल्या दोन भारांमधलं अंतर आणि सॅपोनाइट क्लेवरच्या दोन ऋण भारांमधलं सरासरी अंतर, सुमारे 1.2 नॅनोमीटर, जुळतं ठेवलं. रेणू आपापल्या भारावर खिळून बसले, दाटीतही चवड झाली नाही, आणि दात्याकडून ग्राहीकडं जवळपास सगळी ऊर्जा गेली. खुर्च्यांमधलं अंतर माणसाच्या मापाचं असलं की पंगत सरळ बसते. अडचण एवढीच, की हे पॉर्फिरिन महाग. आपल्या प्रोजेक्टच्या पैशात ते बसत नाहीत, तेव्हा ऱ्होडामाइनशीच जमवून घ्यायचं.

जमवून घ्यायची पहिली युक्ती मिसळण्यात आहे. पोरं काय करतात, मिलिमोलर स्टॉकचा, म्हणजे दाट मूळ द्रावणाचा, एक थेंब पिपेटनं क्लेच्या बीकरात सोडतात. थेंब जिथं पडला तिथल्या चकत्यांवर डायची झुंबड उडते, बाकीच्या कोऱ्या राहतात. ऱ्होडामाइन इतका घट्ट चिकटतो की एकदा बसलेला सहजासहजी हलत नाही. हिशेबात दहा रेणू प्रति चकती, प्रत्यक्षात काहींवर दोनशे अन् काहींवर शून्य. म्हणून डायही पातळ करा, क्लेही पातळ करा, दोन्ही सारख्या मापानं घ्या आणि स्टिरर जोरात चालू असताना एकदम एकत्र ओता. दाता-ग्राही दोन्ही वापरणार असाल तर ते आधी एकमेकांत मिसळा, मग क्लेत. वेगवेगळे टाकले तर पहिला मोक्याच्या जागा बळकावतो. मिसळल्यावर लगेच एकदा, तासानं एकदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा मोजा. मिथिलीन ब्ल्यूच्या चवडी सुरुवातीला होऊन पुढं हळूहळू विरघळताना दिसतात. एकाच वेळेचा आकडा घेऊन निष्कर्ष काढला की फसायला होतं.

आता पाणी. आपल्या भागात यावर दोन शब्द जास्तच बोलावं लागतं.

एका उन्हाळ्यात आमच्याकडं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद ठेवलेलं. एक लिटर शुद्ध पाणी काढायला कितीतरी लिटर थंड पाणी कंडेन्सरमधून वाहून जातं, आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचे ते दिवस, 2016 चा एप्रिल. कंडेन्सर चालू ठेवायची छाती कुणाला होणार? मी बाजारातून बॅटरीत टाकायच्या पाण्याचे कॅन आणवले. आठवडाभर प्रत्येक नमुना दुधाळ! मी डायला दोष दिला, क्लेला दिला, पोरांच्या हातालाही दिला. शेवटी आरओ बसवणाऱ्या पोराकडचं टीडीएस पेन (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारं) मागून कॅनमध्ये बुडवलं, तर तीन कॅनचे तीन वेगळे आकडे, त्यातला एक तर चक्क नळाच्या पाण्याजवळचा. त्या पोरांची मी नंतर माफी मागितली, ते वेगळं.

असं का होतं? चकत्या पाण्यात सुट्या तरंगतात त्या सारख्या भारामुळं एकमेकींना ढकलतात म्हणून. पाण्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आले की हा धक्का मऊ पडतो, चकत्या एकमेकींना चिकटतात आणि डाय मधे सँडविच होतो. दोन चकत्यांवरचे सुटे सुटे रेणू आता समोरासमोर. आमच्या बोअरच्या पाण्यात पेन हजाराच्या आसपास दाखवतं. त्या पाण्याचे पाच थेंबही नमुना बिघडवतात. गंमत म्हणजे त्रिपुरा विद्यापीठातल्या एका गटानं याच गोष्टीचा उलटा उपयोग केला. अ‍ॅक्रिफ्लेव्हिन-ऱ्होडामाइन बी जोडी आणि लॅपोनाइट घेऊन, ऊर्जा-हस्तांतरण किती बदलतं त्यावरून पाण्याचा जडपणा ओळखायचा सेन्सर केला. मराठवाड्यातल्या एखाद्या पोरानं हा विषय उचलावा असं मला फार वाटतं. इथं नमुने शोधायला जावं लागणार नाही, कुठलाही हापसा मारा. तोवर नियम एवढाच: पाणी वापरण्याआधी पेन बुडवा, आकडा एकेरीत नसेल तर त्या पाण्यात क्ले भिजवू नका.

भिजवण्यावरून आठवलं. पिठलं करताना बेसन एकदम टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या मग किती घोटल्या तरी मोडत नाहीत. लॅपोनाइटचं डिट्टो तेच. पाणी गरगर फिरत असताना चिमटी-चिमटीनं भुरभुरा (नाकाला फडकं बांधून), अर्धा-एक तास फिरू द्या, काचेसारखं स्वच्छ झालं की मगच पुढं. दोन टक्क्यांवर गेलात तर ते घट्ट होऊन जेलच बनेल. आपलं काम दशांश टक्क्यात होतं. ताज्या द्रावणाचा पीएच 10 च्या आसपास असतो. उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो उतरतो, आणि 9 च्या खाली चकत्या झिजून मॅग्नेशिअम पाण्यात सुटतं. म्हणजे बोअरचं पाणी बाहेरून न घालताच आतून तयार झालं. मागच्या महिन्यातली बाटली आज वापरली अन् निकाल वेगळा आला, तर ही शंका पहिली घ्या. बाटली गच्च बंद ठेवा, आठवड्यात संपेल एवढीच करा.

“मॅडम, लॅपोनाइट कशाला, आपल्या शेतातली काळी माती आहे की” हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि प्रश्न चांगला आहे. दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन झालेली ही माती स्मेक्टाइटनं, म्हणजे फुगणाऱ्या जातीच्या क्लेनं, भरलेली. पावसात फुगते, एप्रिलात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ते याच फुगणाऱ्या पापुद्र्यांमुळं. पण तिच्यात तीन कटकटी आहेत. चुनखडी, सेंद्रिय द्रव्य आणि लोह. चुनखडी सौम्य आम्लाच्या बफरनं जाते, सेंद्रिय द्रव्य हायड्रोजन पेरॉक्साइडनं. मग मिठाच्या पाण्यानं धुऊन कॅल्शिअमच्या जागी सोडिअम बसवायचा, आणि सिल्व्हर नायट्रेटला पांढरा साका येणं थांबेपर्यंत मीठ काढून टाकायचं. दोन मायक्रॉनखालचे कण वेगळे काढताना पुस्तकात मोठे कण 10 सेंटीमीटर खाली बसायला आठ तास लिहिलेलं असतं. ते 20 अंशांचं आहे. आपल्याकडं मार्चमध्ये लॅब 30 अंशांवर असते, तिथं पाणी पातळ पडतं आणि सव्वासहा तासांतच काम होतं. आठ तास थांबलात तर हवे ते कणही थोडे खाली गेलेले असतात.

लोहाचं मात्र तसं नाही. मोकळे लोह-ऑक्साइड डायथायोनाइटच्या प्रक्रियेनं निघतात, पण पापुद्र्याच्या सांगाड्यातच बसलेलं लोह तिथंच राहतं. ते दात्याची ऊर्जा गिळतं आणि उजेड काही देत नाही. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच लोहयुक्त हिरव्या मातीचा आहे. लोहानं मातीला रंग मिळतो तो ती उजेड खाते म्हणूनच. कच्छच्या बेंटोनाइटातही (तीही स्मेक्टाइटचीच माती) लोह असतं, त्यामुळं तिकडून पोतं मागवून प्रश्न सुटणार नाही. माझं स्पष्ट मत: काळी माती मिथिलीन ब्ल्यूबरोबर वापरा, चवडी कशा होतात ते शिका, रंग बदलताना बघा. तो स्वतंत्र, चांगला प्रोजेक्ट आहे. पण प्रकाश गोळा करून ऊर्जा पुढं पाठवायची असेल तर बिनलोहाची बनावट क्लेच घ्या. इथं गावाचा अभिमान कामाचा नाही.

एक बारीक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली. ऱ्होडामाइन बी आणि ऱ्होडामाइन 6जी ही भावंडं दिसायला सारखी, वागायला नाहीत. 6जीवर एस्टर आहे, तो कायम धन भाराचा. बीवर कार्बॉक्झिल गट आहे. लॅपोनाइटच्या पीएच 10 ला तो ऋण होतो आणि एकूण रेणू उदासीन पडतो. मग मातीला तो हवा तसा चिकटतच नाही, बराचसा पाण्यातच फिरत राहतो. “ग्राही टाकला पण फरक पडत नाही” याचं कारण पुष्कळदा हेच. तपासायचं असेल तर नमुन्याच्या थोड्या भागात चिमूटभर मीठ टाका. चकत्या गोळा होऊन बसतील (नुसत्या सेंट्रिफ्यूजनं त्या बसत नाहीत, फार लहान आहेत). वरचं पाणी गुलाबी राहिलं तर ग्राही मातीवर नव्हताच.

राहिलं मोजणं. ऊर्जा गेली असं म्हणायला दात्याची चमक उतरली एवढंच पुरत नाही. ती चवडीमुळंही उतरते. ग्राहीची चमक चढायला हवी, आणि त्यातून ग्राहीनं स्वतः थेट घेतलेला उजेड वजा करायला हवा. म्हणून नमुने तीन लागतात: क्लेवर फक्त दाता, क्लेवर फक्त ग्राही, क्लेवर दोघं. तिन्हींत क्ले तेवढीच. पोरं दात्याचा नमुना बिनक्लेचा घेतात आणि मग सगळा फरक हस्तांतरणाच्या नावावर मांडतात. परीक्षकानं पहिल्याच प्रश्नात हे पकडलं की तोंडी परीक्षेत घाम फुटतो. दुसरं, 15 मायक्रोमोलर ऱ्होडामाइनचं शोषण एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये दीडच्या घरात जातं. उजेड समोरच्या भिंतीपाशीच संपतो आणि निघालेली चमकही वाटेत परत शोषली जाते. शोषण 0.1 च्या आत आणा. पण डाय कमी करून नाही! मिसळलेला तयार नमुना शुद्ध पाण्यानं पातळ करा, म्हणजे चकतीवरचे रेणू तेवढेच राहतात. मात्र पातळ केल्यावर लगेच मोजून टाका.

फ्लुओरोमीटर मिळेपर्यंत काम अडवू नका. नोटा तपासायच्या टॉर्चनं अ‍ॅक्रिफ्लेव्हिनची हिरवी चमक दिसते. ऱ्होडामाइनसाठी हिरवा लेझर पॉइंटर, 532 नॅनोमीटरचा, बाजूनं मारा आणि नारिंगी जिलेटिन पेपरमधून बघा. किरण डोळ्यांत जाऊ देऊ नका, क्युव्हेटच्या काचेवरून परावर्तित झालेलासुद्धा.

काचपट्टीवर फिल्म करणाऱ्यांसाठी: द्रावणात चाललेलं प्रमाण फिल्मला चालत नाही. पाणी उडालं की चकत्या एकमेकींवर बसतात, म्हणून डाय आणखी पाच-दहा पटीनं कमी करून सुरुवात करा. पंख्याखाली वाळवली तर फिल्मला एप्रिलातल्या शेतासारख्या भेगा पडतात. पेट्री डिश अर्धवट झाकून रात्रभर सावकाश वाळू द्या. आणि वाळलेली पट्टी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवू नका. आमची एक छान फिल्म तिथं चार दिवसांत पांढरी पडली, आणि दोन दिवस आम्ही पुन्हा चवडीच शोधत बसलो होतो.